देवकते बाईंची संथ चित्रं

परवा आमच्या शाळेत आभासी वर्गाचं उद्घाटन झालं. भिंतींना नवा निळा रंग, खिडक्या कायमच्या बंद करून बसवलेला एसी, लांब टेबलावर ओळीनं मांडलेले काळे जाडजूड चष्मे. पोरांच्या डोळ्यांवर ते चढवले की पोरं रिकाम्या हवेत हात हलवायची आणि समोर बसलेले पाहुणे टाळ्या वाजवायचे. मुख्याध्यापक माईकवर म्हणाले, "ढोकीसारख्या गावात मुलांना आभासी जगाची पहिली ओळख आपण करून देतोय, याचा मला अभिमान आहे."

पहिली ओळख. मी मागच्या रांगेत बसले होते आणि हातातला पेढ्याचा कागद माझ्या मुठीत चुरगळत चालला होता. ही खोली काही वर्षांपूर्वीपर्यंत चित्रकलेची होती. याच भिंतीवर पांढरी चादर लावून देवकते बाईंनी पोरांना त्या जगाची ओळख करून दिली होती, आणि त्याबद्दल याच मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडून खुलासा मागितला होता. परवा भाषणं झाली, हार झाले, आभार झाले. बाईंचं नाव कुणाच्याही तोंडून निघालं नाही. घरी येऊन मी लिहायला बसले ती त्या रागातच.

सुभद्रा देवकते आमच्याकडं चित्रकला शिकवायच्या. उंच, काळ्यासावळ्या, पुरुषांसारखी लांब ढांग टाकत चालणाऱ्या. साडीखाली कॅनव्हासचे बूट, खांद्याला घोंगडीच्या कापडाची शिवलेली पिशवी आणि नखांत कायम कोळशाची काळी रेघ. घर मेंढपाळांचं. बाप आणि भाऊ मेंढरं घेऊन भूमच्या माळापासून पार भीमेच्या काठापर्यंत जायचे. बाई स्वतः सातवीपर्यंत कळपामागं फिरत, गाव बदलेल तशी शाळा बदलत शिकल्या होत्या. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे पुस्तकी बोलायचो. बाई घरी बोलायच्या तशाच शाळेत बोलायच्या. नव्यानं आलेल्या एका शिक्षकानं एकदा सुचवलं, की मुलांपुढं तरी प्रमाण भाषा वापरावी. बाई म्हणाल्या, "पोरं माझं ऐकून बिघडत न्हाईत, सर. घरी आईचं ऐकत्यातच की. ती बिघडलेली हाय का?"

राग हा बाईंच्या घरचाच माणूस होता. पण तो कशावर येईल याचा आम्हाला अंदाज लावता यायचा नाही. पगार उशिरा झाला, उन्हाळ्यात पाणी गेलं, सुट्टीच्या दिवशी जनगणनेचं काम आलं, यावर आम्ही सगळे चिडायचो तेव्हा बाई शांतपणे पेन्सिलीला टोक करत बसलेल्या असायच्या. आणि मधल्या सुट्टीत गणिताचे सर मोबाईलवर सिनेमा दुप्पट वेगानं पळवून बघताना दिसले, की त्यांचं डोकं फिरायचं.

"सर, हे काय करायलाव?"

"वेळ वाचतो हो, बाई. अडीच तासांचा सिनेमा सव्वा तासात होतो."

"जेवताना बी असंच करता का? दोन घास एकदम?"

सर हसले. बाई हसल्या नाहीत. "ज्यानं काढलाय त्यानं त्यातली बाई किती वेळ गप बसवायची ते इचार करून ठरवलंय. तुमी तिला माकडावानी पळवायलाव. आन् त्या वाचलेल्या वेळात पुन्हा दुसरा सिनेमा पळवणार. मंग वाचलं काय?"

त्या दिवसानंतर सर सिनेमा बघायला प्रयोगशाळेत जाऊन बसायला लागले.

बाईंना जपानी चित्रमालिकांचा नाद आहे हे आम्हाला उशिरा कळलं. त्यांची आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली होती. शाळा सुटली की बाई घरी, आईच्या खोलीत. पुण्यात नोकरी करणारी भाची एकदा दिवाळीला आली आणि मावशीला विरंगुळा म्हणून आपला जुना लॅपटॉप देऊन गेली. त्यात तिनं स्वतःच्या आवडीच्या मालिका भरलेल्या होत्या. त्यातल्या मारामाऱ्यांच्या बाईंनी थोड्या थोड्या बघून सोडल्या. राहिल्या त्या संथ, उदास, भीती घालणाऱ्या. यंत्रांत राहायला गेलेली माणसं, तारांतून बोलणारे मेलेले नातेवाईक, पडद्याच्या आत वसलेली शहरं असं काहीबाही. खाली इंग्रजी अक्षरं उमटायची. बाईंचं इंग्रजी बेताचं. मी विचारलं, तुम्हाला समजतं कसं? म्हणाल्या, "बोलत्यातच कमी. म्हणून तर मला जमतंय."

स्टाफरूममध्ये याची फार टिंगल झाली. पन्नाशीची बाई आणि कार्टून बघते. कुणी त्यांना लहान मुलांच्या वाहिन्यांची नावं विचारायचं, कुणी वाढदिवसाला कार्टूनचा फुगा आणायचं. मला त्या टिंगलीचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. कारण टिंगल करणाऱ्यांपैकी एकानंही आयुष्यात एकही चित्र पाच मिनिटं सलग बघितलेलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडं गेले. उसाचा हंगाम होता. कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली काजळी अंगणातल्या वाळवणावर बसत होती आणि मळीचा आंबूस वास घरात भरला होता. बाईंनी मला चहा दिला, लॅपटॉप पाटावर ठेवला आणि एक भाग लावला. "बोलू नको मधी," एवढंच सांगितलं. मी वयानं लहान, म्हणून शाळेबाहेर त्या मला अगंतुगं करायच्या.

गोष्ट अशी होती. एका शहरात एक उंच इमारत. माणसांनी आपापली शरीरं तिथं आणून निजवलेली आणि स्वतः संगणकाच्या जाळ्यातल्या दुसऱ्या एका शहरात राहायला गेलेली. इमारतीत एक मध्यमवयीन बाई कामाला. तिचं काम काय, तर पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून झोपलेल्यांना एकेक करून कुशीवर वळवायचं. ती एकाला वळवते, चादर सारखी करते, पुढच्याकडं जाते. संगीत नाही. नळ ठिबकतो. खिडकीबाहेर उजाडतं, मावळतं. मला जांभया यायला लागल्या. मी घड्याळाकडं बघितलं, बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी परत पडद्याकडं बघितलं. मग एक म्हातारा झोपेतून उठतो, आतल्या शहरातून चार घटका परत आलेला. तो त्या बाईला हसून म्हणतो, "काल बाजारात भेटलात. किती छान गप्पा झाल्या आपल्या." आणि ही बाई तर कधी आत गेलेलीच नसते.

माझा चहा तसाच राहिला होता. ती बाई म्हाताऱ्याला निजवते, कुशीवर वळवते आणि पुढच्या खाटेकडं जाते. पण आता तिची पावलं ऐकताना भीती वाटायला लागलेली असते. भाग संपला. बाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि आईला या कुशीवरून त्या कुशीवर वळवून, पाठीला पावडर लावून परत आल्या.

"आवडलं?" त्यांनी विचारलं.

"भीती वाटली. आणि फार हळू आहे हो."

"मेंढरामागं जा एक दिस," बाई म्हणाल्या. "सकाळपास्नं सांजंपत्तूर काही घडत न्हाय. खात्यात, पुढं सरकत्यात. पर नजर काढली की लांडगं आलंच. काहीच घडत नसतंय तवाच लई घडत असतंय. ही जपानी माणसं मेंढरं राखलेली असणार बघ."

"पण असलं भीतीचं कशाला बघायचं? आधीच आयुष्यात कमी आहे का?"

"गोड गोड दावणारा फशिवतोय, वैशाली. भ्या दावणारा निदान सांगतोय तरी, की हितं खड्डा हाय."

माझी समजूत होती, की बाईंचा एकूण पडद्यावरच राग आहे. ती तुळजापुरात मोडली. शाळेची सहल गेली होती. मंदिराच्या आवारात गर्दी, सोलापूरकडून आलेल्या गाड्यांची माणसं, आणि जो तो मोबाईल वर धरून उभा. माझ्या तोंडून निघून गेलं, "देवीला डोळ्यांनी बघायचं सोडून काय हे." बाईंनी माझा दंड धरला आणि एका म्हातारीकडं बोट केलं. म्हातारी हात उंच करून फोन कळसाकडं धरून उभी होती. फोनमध्ये तिची लेक, पोटुशी, कुठल्या तरी लांबच्या शहरात पलंगावर बसून हात जोडत होती. म्हातारीचा हात थरथरत होता. बाई पुढं झाल्या आणि तिचा हात खालून धरून उभ्या राहिल्या, लेकीचं दर्शन होईपर्यंत. परत येताना म्हणाल्या, "त्यातलं जग खोटं हाय म्हणणारा येडा. ते खरंच हाय. म्हणून तर जपायला पायजे."

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी नववीच्या वर्गाला तो कुशीवर वळवणाऱ्या बाईचा भाग दाखवला. चित्रकलेच्या जोडतासाला, शाळेच्या प्रोजेक्टरनं भिंतीवरच्या चादरीवर, खिडक्यांवर घोंगड्या टाकून. मला मुद्दाम बोलावलं होतं. सुरुवातीला पोरं कुजबुजली, कुणी तोंडानं आवाज काढला. मग हळूहळू खोली गप्प होत गेली. शेवटच्या बाकावरच्या, कुणाच्या बापाला न आवरणाऱ्या पोरांसकट. संपल्यावर बाईंनी काहीच समजावून सांगितलं नाही. कागद वाटले आणि म्हणाल्या, "आतल्या शहरातली ती दुसरी बाई कशी दिसत असंल, काढा."

पूनम नावाची एक मुलगी होती. हुशार, मोठ्या बागायतदाराची लेक. तिनं हात वर केला. "बाई, दोघींचा चेहरा एकच हाय की. मग फरक कसा दावायचा?"

"त्येच तर काढायचंय," बाई म्हणाल्या.

पोरांनी त्या दिवशी काढलेली चित्रं मी बघितली. अशी चित्रं आमच्या शाळेत आधी कुणी काढली नव्हती आणि नंतरही नाही. पण चार दिवसांतच एक पालक आले. शाळेत भुताखेताचं दाखवतात, पोरगी एकटी न्हाणीत जायला घाबरते, अशी तक्रार. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. अभ्यासक्रमात नसलेलं, मुलांच्या मनावर विपरीत परिणाम करणारं दाखवल्याचा खुलासा द्या, म्हणाले.

बाई म्हणाल्या, "रोज सांजच्याला घराघरात टीव्हीवर सासवा सुनंच्या दुधात इष कालवत्यात. त्याची तक्रार कुणी आणली का तुमच्याकडं?"

"मॅडम, तो विषय वेगळा आहे."

"तुमी बघितला का हो, ह्यो भाग?"

"मला तेवढा वेळ नाही."

"मंग खुलासा बी बघायला वेळ मिळायचा न्हाय तुमाला," असं म्हणून बाई तासाला निघून गेल्या. खुलासा त्यांनी दिला नाही. चित्रकलेच्या खोलीला कुलूप लागलं आणि पुढं बाईंनी व्हरांड्यात बसून शिकवलं.

त्यांच्या आई त्याच साली गेल्या. बाई दहावा करून कामावर आल्या आणि फळ्यावर पेरू काढायला घेतला. कुणी सांत्वनाला पुढं झालं तर खडू हातात देऊन म्हणायच्या, "देठ तुमी काढा."

पूनम बारावीत गेली तेव्हाची गोष्ट. आमचं कनिष्ठ महाविद्यालय शाळेच्याच आवारात. पूनम शास्त्र शाखेला होती आणि मी तिची वर्गशिक्षिका. परीक्षा तोंडावर आली होती. एका सकाळी मी वर्गात गेले तर पूनमचं बाक रिकामं आणि सगळी पोरं माना खाली घालून बसलेली. काय झालं ते कुणी सांगेना. शेवटी एका मुलीनं सांगितलं. पूनमच्या नावाचं, तिच्या फोटोचं एक खातं कुणी तरी उघडलं होतं. त्यावरून तिच्या नावानं गावातल्या पोरांशी नको ते बोलणं चालू होतं, आणि एका नाचणाऱ्या बाईच्या अंगावर पूनमचा चेहरा बसवलेला व्हिडिओ टाकला होता. चेहरा हसत होता, डोळे मिचकावत होता. दुपारच्या आत तो ढोकीतल्या प्रत्येक फोनवर पोचला. कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर घेऊन रांगेत थांबलेले चालकसुद्धा तोच बघत होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक बसली. संस्थेचे सचिव, मुख्याध्यापक, गावातले दोन मोठे लोक, पूनमचे वडील दिगंबरराव आणि वर्गशिक्षिका म्हणून मी. पूनम आणि तिची आई दाराशी उभ्या. पूनमनं ओढणीनं चेहरा एवढा झाकला होता, की फक्त डोळे दिसत होते. मी सांगितलं, की मुलगी गुणी आहे आणि हे सगळं बनावट आहे. सचिव म्हणाले, "मॅडम, ते ठीक आहे. पण वातावरण निवळेपर्यंत तिनं येऊ नये. बाकी मुलींचाही विचार करायचा असतो."

तेवढ्यात देवकते बाई आत आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची उचलली, दाराशी नेली आणि पूनमला बसवलं. मग तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कुणाचं वातावरण निवळायचंय?" त्यांनी विचारलं.

मुख्याध्यापक वैतागले. "मॅडम, तुम्ही तो व्हिडिओ बघितलाय का?"

"न्हाय."

"मग तुम्हाला प्रकरणाचं गांभीर्य कसं कळणार?"

"तुमी बघितला?"

"बघावाच लागला."

"साहेबांनी बघितला. शिपायानं बघितला. बापानं बी बघितला." बाईंचा आवाज चढला नव्हता. "ह्या खोलीत न बघितलेली म्या एकटी हाय. मला कार्टूनवाली म्हणता तुमी. दिसभर पडद्याला डोळं लावून बसती म्हणता. मला बी आला की त्यो फोनवर. म्या उघडला न्हाय. जी पोरगी म्या पाचवीपास्नं बघायलीय, तिला तिथं कशाला बघायला जाऊ?"

दिगंबरराव भिंतीकडं तोंड करून बसले होते. तसेच म्हणाले, "बाई, म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय. चेहरा तिचाच हाय. लोकांनी खोटं हाय मनलं तरी मला दिसलं ते दिसलंच. दोन ठिकाणी बोलणं लावलंय म्या. पाव्हणं तयार झालं तर ह्याच महिन्यात उरकून टाकतो."

"तुमी मोबाईल बघितला, दिगंबरराव. लेकीकडं कवा बघितलं? आल्यापास्नं भिंतीकडं बघायलाव."

दिगंबररावांची मान आणखी खाली गेली. सचिव मध्ये पडले. "हे बघा, खोटं असेल तर तसं सिद्ध करा. मग आम्हाला काही अडचण नाही."

मला वाटलं, आता बाई चित्रकाराच्या नजरेनं काही दाखवतील. कानाचा आकार, हनुवटीखालची सावली, असं काही. त्यांना ते सहज जमलं असतं. पण बाईंनी तो मार्गच धरला नाही.

"का सिद्ध करायचं?" त्या म्हणाल्या. "जिनं काही केलं न्हाय तिनं सिद्ध करायचं, आन् ज्यानं केलं त्यो वडापाव खात स्टँडवर हिंडतोय. उद्या तुमचा चेहरा घिऊन कुणी तमाशाच्या फडावर नाचवला, तर सोमवारी तुमाला संस्थेत यायचं बंद करायचं का? का आदी तुमच्याकडनं सिद्ध करून घ्यायचं?"

कोण तरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. सचिवांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "हे असलं खूळ पोरांच्या डोक्यात घालतं कोण, ते आधी बघावं लागेल. जाळ्यातली शहरं काय, दुसरे चेहरे काय. वर्गात चादरी लावून दाखवलेलं आम्ही विसरलो नाही."

"बरं झालं आठवलं," बाई म्हणाल्या. "इसरू नका. बाकी कुणी पोरास्नी सांगितलं न्हाय, की असं हुतंय म्हणून. तुमी ना मला पुढं दाखवू दिलं, ना सोता सांगितलं."

मग त्या पूनमच्या आईकडं वळल्या. सिंधूताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. नवऱ्यासमोर त्या कधी बोललेल्या मी ऐकलं नव्हतं. बाईंनी त्यांना विचारलं, "येता का तक्रार द्यायला? म्या संगं येती." सिंधूताईंनी नवऱ्याकडं एकदा बघितलं. मग पदर खाली घेतला आणि म्हणाल्या, "चला." आम्ही चौघी त्याच पावली धाराशिवच्या गाडीत बसलो. वाटेत पूनमनं पहिल्यांदा ओढणी खाली घेतली आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "बाई, लोकांना तीच खरी वाटणार का आता कायमची?"

"वाटू दे," बाई म्हणाल्या. "तिला पेपर लिहिता येत न्हाय. तुला येतोय."

पोलिसांनी तक्रार घेतली. खातं बंद झालं, आणि ते चालवणारे कोण तेही निघालं. आमचेच दोन माजी विद्यार्थी, चांगल्या घरचे. पूनमनं त्यांच्यातल्या एकाला रस्त्यात बोलायला नकार दिला होता, एवढंच निमित्त. त्या दोघांना त्यांच्या बापांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत आणलं. मी एका कागदावर सही घ्यायला म्हणून गेले होते, तर आत दोघं खुर्च्यांवर बसलेले आणि समोर चहाचे कप. पूनमला ज्या खोलीत बाईंनी खुर्ची आणेपर्यंत उभं ठेवलं होतं, त्याच खोलीत. सचिव त्यांच्या बापांना सांगत होते, "पोरं आहेत, चुकतात. आयुष्य खराब व्हायला नको." आयुष्य कुणाचं, ते मी विचारलं तर मला बाहेर थांबायला सांगितलं. कज्जा पुढं बराच काळ चालला. मिटवा, मिटवा म्हणून सिंधूताईंच्या दारी माणसं येत राहिली आणि सिंधूताई त्यांना दारातूनच परत पाठवत राहिल्या.

पूनम परीक्षेला बसली. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावी होतं. प्रत्येक पेपराला बाई तिच्यासोबत गेल्या. फाटकाजवळ पोरांचं टोळकं उभं असायचं. बाई पूनमच्या पुढं नाही, मागं नाही, अगदी खांद्याला खांदा लावून चालायच्या, आणि त्या पोरांकडं एकेकाच्या डोळ्यांत बघत जायच्या. हळूहळू ते टोळकं लिंबाखाली लांब सरकलं. शेवटच्या पेपराला पूनमला दिगंबरराव स्वतः मोटारसायकलवर घेऊन आले. लग्नाचं बोलणं मागं पडलं होतं. तीन तास ते उन्हात उभे होते. पेपर सुटल्यावर पूनम मैत्रिणींत थांबली, तेव्हा त्यांनी बाईंना अवघडून विचारलं, "कसा गेला म्हणं तिला पेपर?"

"तिला इचारा," बाई म्हणाल्या आणि गाडी पकडायला निघाल्या.

पूनम आता लातूरला शिकते. बाईंना मात्र संस्थेनं सोडलं नाही. जून उजाडला तशी त्यांची बदली तेरखेड्याकडच्या शाखेवर झाली. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता आणि रोज गाड्या बदलत जायचं. कारण विचारलं तर प्रशासकीय. मी संतापून राजीनाम्याची भाषा केली. बाई म्हणाल्या, "तू गेलीस तर हितल्या पोरींकडं बघणार कोण?" त्या तिकडं रुजू झाल्या. फटाक्यांच्या कामाला जाणाऱ्या घरांतली पोरं तिथं होती, त्यांच्या बोटांना रंगाची सवय लावायची म्हणून खूश होत्या. तिथल्या मुलांनाही त्यांनी ती संथ चित्रं दाखवली. या वेळीही कुणाला न विचारता. तिथं मात्र कुणी तक्रार केली नाही.

त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेले. आमच्या शाळेतून मी एकटीच. मैदानात मांडव होता, खुर्च्या होत्या आणि मांडवाच्या मागं भला मोठा फ्लेक्स. त्यावर बाईंचा फोटो. मी बघतच राहिले. छपाईवाल्यानं फोटो यंत्रातून घासूनपुसून काढला होता. रंग गोरापान, गाल गुलाबी, कपाळावर एक आठी नाही, केस काळेभोर. शेजारी सेवापूर्तीच्या शुभेच्छा आणि दोन्ही बाजूंना फुलांच्या परड्या. ती कुणी तरी पस्तिशीची गोड बाई होती, जिला आयुष्यात कधीच राग आलेला नव्हता.

बाई माझ्यानंतर आल्या. बूट धुळीनं माखलेले. फ्लेक्ससमोर थांबल्या, मान तिरकी करून बराच वेळ बघितलं.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

शाखेचे मुख्याध्यापक खुशीत म्हणाले, "तुम्हीच की, बाई. खास तुळजापूरहून करून आणलाय. तरुण दिसताय एकदम."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. त्यातून काळ्या रंगाची डबी आणि ब्रश काढला, ऑफिसातलं स्टूल ओढत आणलं आणि त्याच्यावर चढल्या. मी स्टूल धरलं. त्यांनी पहिली रेघ कपाळावर मारली. मग दुसरी. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन खोल घड्या उतरवल्या. डोळ्यांखाली बोटानं रंग पसरवून सावली आणली. पांढरा रंग मागून घेतला आणि भांगाच्या दोन्ही बाजूंनी पांढरे केस ओढले. गाल काळवंडले तसा तो चेहरा हळूहळू आमच्याकडं बघायला लागला.

"बाई, पाहुणे यायची वेळ झालीय," मुख्याध्यापक काकुळतीला आले. "राहू द्या आता."

"यिऊ द्या की," बाई म्हणाल्या. "त्यास्नी कुणाला निरोप द्यायचाय ते कळाया नको?"

पोरं मांडवातून उठून भोवती गोळा झाली होती. बाई स्टुलावरून उतरून चार पावलं मागं आल्या, डोळे बारीक केले, आणि परत वर चढल्या. पाहुण्यांची गाडी फाटकातून आत शिरली. मुख्याध्यापक हार घेऊन तिकडं धावले. बाई गर्दीकडं पाठ करून उभ्या होत्या. डावा कान अजून राहिला होता.